शोभीनं मागितलेली भाकरी

सकाळी नऊ वाजले की आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात आईचा शिशुवर्ग भरायचा. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली पंधरा-सोळा पोरं, कुणाच्या नाकाला शेंबूड, कुणाच्या चड्डीचं बटण तुटलेलं, रांगेनं बस्करांवर बसायची आणि साडेअकरापर्यंत घरभर त्यांचा कालवा चालायचा. आई मॅट्रिक झालेली होती, बाकी हे शास्त्र तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तुरीची डाळ आणि हरभरे एकत्र करून ती परातीत ओतायची आणि पोरांना चिमटीनं वेगळे करायला लावायची. कणकेचे साप वळायचे, कापसाच्या वाती करायच्या, जुन्या सदऱ्यांची बटणं दोऱ्यात ओवायची, मग कुठं पाटी हातात मिळायची. "बोटं तयार झाल्याशिवाय पेन्सिल द्यायची नाही," असं ती आयांना सांगायची. आणि हे सगळं चालू असताना तिचं तोंड एकसारखं चालू. आता आपण काय करतोय, डाळ निवडतोय, डाळ कशी आहे, पिवळी आहे, मऊ आहे की टणक आहे. विचारून ती थांबायची. पोरगं उत्तर देईपर्यंत वाट बघायची, किती का वेळ लागेना. बोबडी पोरं तिच्याकडे चार-सहा महिने आली की स्पष्ट बोलायला लागायची. पेठेत तिचा त्यामुळं फार मान होता.

गेल्या वर्षी माझा नातू उशिरा बोलतोय म्हणून सून त्याला राजारामपुरीतल्या एका स्पीच थेरपिस्टकडे नेत होती. मीही एकदा सोबत गेले. तिथल्या पोरीनं रंगीत प्लॅस्टिकचे चिमटे आणि कापसाचे गोळे काढले, आणि सुनेला समजावून सांगितलं की घरात काम करताना त्याच्याशी बोलत राहा, प्रश्न विचारला की थांबा, घाई करू नका. मला हसू आलं. सुनेनं रागानं बघितलं. तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग, सगळ्यात आधी कान तपासून घेतलेत ना, असं त्या पोरीनं विचारलं आणि माझं हसू जागच्या जागी थांबलं.

आईच्या दोन भाषा होत्या. सोप्यात ती पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायची, "बाळा, इकडे ये पाहू." मधल्या दाराचा पडदा ओलांडून आत आली की तिची भाषा कोल्हापुरी व्हायची आणि हातही कोल्हापुरी व्हायचा. दुसऱ्यांच्या पोरांवर तिनं कधी बोट उगारलं नाही. आम्हा दोघी बहिणींना मात्र लाटणं, फुंकणी, जे हाताशी येईल ते बसायचं. शोभी माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी लिहितेय ते दिवस मी नऊ वर्षांची आणि ती चार वर्षांची असतानाचे. ती बोलत नव्हती. आ, ऊ, असे आवाज काढायची, हसताना घोगरा आवाज यायचा, पण आई नाही, पाणी नाही, काही नाही.

तिचे हात मात्र असे होते की आई स्वतःच चकित व्हायची. सहा-सहा वर्षांच्या पोरांना जमणार नाहीत अशा बारीक, सारख्या वाती ती वळायची. लसूण सोलायची. सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवायची. आईनं समोर उभं राहून "वाटी आण" म्हटलं की वाटी आणायची, "पिढं ठेव" म्हटलं की पिढं ठेवायची. त्यामुळं हिला ऐकू येत नसेल हा विचार आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलाच नाही. आईचं गणित सोपं होतं. हात चालतात म्हणजे डोकं चालतं, डोकं चालतं म्हणजे तोंडही चाललं पाहिजे, आणि चालत नसेल तर पोरगी हट्टी आहे. हे गणित दुसऱ्यांच्या पोरांवर कधी चुकलं नव्हतं. आप्पा, म्हणजे आमचे वडील, कचेरीत कारकून होते. ते म्हणायचे, बोलेल की, घाई काय आहे, आणि पेपरात डोकं घालायचे.

आईनं सगळे उपाय केले. वेखंड मधात उगाळून जिभेवर चोळलं. ते इतकं तिखट असतं की शोभी अंगणात गडाबडा लोळायची आणि आई तिचे हात धरून पुन्हा चोळायची. पोपटानं उष्टावलेलं फळ खाल्लं की पोर बोलतं, असं कुणीतरी सांगितलं, तर मला पेरू घेऊन गल्लीच्या टोकाला पोपट पाळलेल्या एका म्हातारीकडे पाठवलं. पोपटानं त्याला चोचसुद्धा लावली नाही. मी वाटेत तो अर्धा खाल्ला, उरलेल्यावर पुढच्या दातांनी टोचे मारले आणि आईला नेऊन दिला. आईनं तो देवापुढं ठेवून शोभीला भरवला.

मग पेठेत बोलणं सुरू झालं की बाईंची स्वतःचीच पोरगी मुकी आहे. आईला हे लागलं. एकदा शेजारच्या पाटलीणकाकू आपल्या नातीचं नाव घालायला आल्या होत्या. आई त्यांच्याशी सोप्यात बोलत होती आणि मी आत शोभीला चिडवत होते. म्हणजे तिच्यासमोर बसून बोबड्या बाळाच्या आवाजात "ये ले ये ले पावसा" म्हणत होते. ती माझ्या तोंडाकडे बघून खिदळत होती. बाहेर काकू म्हणाल्या, "अगं बया, शोभी बोलाय लागली की." मी कान दिला. आई आता खरं सांगेल असं मला वाटलं. आई तिच्या शुद्ध आवाजात म्हणाली, "हो, आता गाणी म्हणते."

तिथून तो आमचा रिवाजच झाला. कुणी आयाबाया आल्या की आई पडद्याकडे तोंड करून म्हणायची, "शोभी बाळा, गाणं म्हण पाहू." मी आत शोभीला मांडीवर घेऊन बसलेली असायची. मीच बाळाच्या आवाजात एक-दोन ओळी म्हणायची आणि लाजल्यासारखं गप्प व्हायची. या कामात मी फार तयार झाले. कुठं अडखळायचं, कुठं र चा ल करायचा, सगळं मला जमायचं. बायका गेल्या की आई आत यायची, माझ्याशी एक शब्द न बोलता दुधावरची साय वाटीत काढून, वर साखर घालून माझ्यापुढं ठेवायची. शोभी टक लावून वाटीकडे बघायची. मी तिला द्यायची नाही.

दिवाळीच्या आधी एकदा आई फडताळ आवरत होती आणि पितळेचा मोठा डबा वरून फरशीवर पडला. दणका असा होता की सोप्यात पेपर वाचणारे आप्पा उठून उभे राहिले आणि माझ्या हातातलं दप्तर पडलं. शोभी फडताळाकडे पाठ करून वाती वळत बसली होती. तिनं एक वात संपवली आणि दुसरी घेतली. आई डब्याचा पोचा बघत होती, तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं. दुसऱ्या दिवशी आई बाजारात गेल्यावर मी शोभीच्या मागं उभी राहून तव्यावर उलथनं आपटलं. काही नाही. तिच्या डोक्यामागं तोंड नेऊन किंचाळले. काही नाही. माझा श्वास मानेला लागला तेव्हा ती वळून हसली. मला नऊ वर्षांच्या पोरीला जे कळलं ते घरातल्या दोन मोठ्या माणसांना चार वर्षांत कळलं नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही. का, हे मी पुढं स्वतःला पुष्कळ वेळा विचारलंय आणि दरवेळी उत्तर एकच येतं. कळलं की मग मांडीवर ती बसेल, डॉक्टरकडं ती जाईल, रिक्षात ती बसेल, आणि माझी साय बंद होईल. उलट मला एक खेळ मिळाला. शिशुवर्गातली मोठी पोरं सुटल्यावर रेंगाळायची, त्यांना मी शोभीच्या पाठीमागं उभं करायची आणि आम्ही तिला वाटेल त्या शिव्या द्यायचो. म्हशी, खुळे, मुकण्ये. ती वाती वळत राहायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. मधेच ती वळायची आणि सगळे हसताहेत म्हणून आपणही हसायची. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा मजा वाटत होती.

पोरगी हातानं मागून सगळं मिळवते म्हणून तोंड उघडत नाही, असं आईनं उन्हाळ्याच्या तोंडाला ठरवून टाकलं. हात बंद केले की तोंड उघडेल. जेवणाच्या वेळी ती शोभीचे हात पाठीमागं घेऊन परकराच्या नाडीनं बांधायची, ताट समोर ठेवायची आणि म्हणायची, "भाकरी म्हण, मग भाकरी." पहिले काही दिवस शोभी रडून रडून झोपी जायची आणि संध्याकाळी आईच हरून तिला भरवायची. पण एका रविवारी आप्पांनी मटण आणलं होतं. सकाळपासून खोबरं भाजल्याचा, वाटणाचा वास घरात भरला होता, पांढरा रस्सा चुलीच्या वैलावर गरम ठेवलेला होता, आणि आईनं जाहीर केलं की आज ही बोलल्याशिवाय घरात कुणालाच ताट मिळणार नाही. आप्पा म्हणाले, लहान आहे ती, सोड. आई म्हणाली, "तुम्ही मधी पडू नका. शाळा मी चालवतो का तुम्ही?" आप्पांनी चप्पल घातली आणि ते तालमीच्या कट्ट्यावर जाऊन बसले. अवघड वेळी आप्पा नेहमी तालमीच्या कट्ट्यावर असायचे.

स्वयंपाकघरात आम्ही तिघीच राहिलो. शोभी भिंतीला टेकून, हात मागं बांधलेले. आई तिच्यासमोर उकिडवी बसली, तिची हनुवटी धरली आणि तोंड मोठं उघडून म्हणाली, "भा-क-री." शोभीनं तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग तिनं ओठ मिटले, उघडले, जीभ वर लावली, अगदी आईनं केलं तसंच. आवाज नव्हता. आईनं पुन्हा म्हटलं, तिनं पुन्हा तसंच केलं आणि आपल्याला जमलं म्हणून हसली. आईला वाटलं ती वेडावतेय. "मला वेडावतीस?" म्हणत आईनं तिच्या मांडीला असा चिमटा काढला की कातडी निळी पडली. शोभी ओरडली. आई पुन्हा "भाकरी" म्हणाली. शोभीनं रडत रडत पुन्हा ओठ हलवले, आणि पुन्हा चिमटा बसला. असं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. मला भूक लागली होती, एवढं आठवतं.

तव्यावरची भाकरी करपायला लागली म्हणून आई उठली आणि चुलीकडं वळली. तिची आमच्याकडं पाठ होती. शोभी माझ्याकडं बघत होती. मी बाळाच्या आवाजात म्हणाले, "भाकली."

मला दया आली म्हणून मी हे केलं, असं मी बरीच वर्षं मनाला सांगितलं. दया नव्हती, मला जेवायचं होतं.

आई हातात भाकरी तशीच घेऊन वळली. तिनं आधी माझ्याकडं बघितलं. ती काही खुळी नव्हती, पडद्यामागचा आवाज कुणाचा ते तिला ठाऊक होतं. "विजे, तू बोललीस?" मी नाही म्हणून मान हलवली. "माझी शपथ घे." मी तिच्या गळ्याला हात लावला आणि म्हणाले, "तुझी शप्पत, मी न्हाय." आईला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, म्हणून तिनं ठेवला. तिनं नाडी सोडली, शोभीला मांडीवर घेतलं, आणि भाकरीचे तुकडे रश्श्यात बुडवून तिला भरवत ती मोठमोठ्यानं रडायला लागली. मी आईला तसं रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. शोभीच्या मनगटावर नाडीचे वळ होते, ती घासामागून घास गिळत होती. मला त्या दिवशी मटणातली नळी मिळाली. मी ती शेवटपर्यंत चोखली.

पुढच्या आठवड्यात आई आम्हाला घेऊन एस.टी.नं नृसिंहवाडीला गेली. तिनं पोरीसाठी दत्ताला नवस बोलला होता, तो फेडायला. तिनं माहेरच्या माणसांनाही निरोप धाडला होता, मामा-मामी आले होते. दर्शन झालं, घाटाच्या पायऱ्यांवर सावलीला आम्ही डबे उघडले, मामानं बासुंदी आणि कवठाची बर्फी आणली. आईनं सगळ्यांना गोष्ट सांगितली, कशी पोरगी एका शब्दानं बोलली, आणि शोभीला मध्ये उभं केलं. "म्हण बाळ, भाकरी म्हण." शोभीनं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि तेच केलं, ओठ मिटले, उघडले, जीभ वर लावली. आई पुन्हा म्हणाली. मामाची माणसं वाट बघत होती. मी माणसांच्या मधोमध बसले होते, सगळ्यांना माझं तोंड दिसत होतं. मी बासुंदी पीत राहिले. मामी आईला म्हणाली की वन्सं, तुम्हाला भास झाला असंल, आणि कुणीतरी हसलं. शोभीही हसली. आईनं हात मागं नेऊन तिच्या कानफटात दिली. पोरगी पायरीवरून खालच्या पायरीवर पडली. उठली तेव्हा डावा कान दोन्ही हातांनी धरून ती जे ओरडली ते ऐकून घाटावरची माणसं उभी राहिली.

दोन दिवस ती कान धरून रडत होती. तेव्हा आप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा आईला न विचारता काहीतरी केलं. रजा काढली, रिक्षा आणली आणि आम्हा सगळ्यांना राजारामपुरीत कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी शोभीच्या मागं उभं राहून घंटा वाजवली, टाळ्या वाजवल्या, दोन्ही कानांत उजेड टाकून बघितलं. मग खुर्चीत बसून ते म्हणाले की हिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, बहुतेक जन्मापासूनच. आप्पांनी डोळे मिटले. आई मात्र ताठ बसली. "जन्मापासून कसं? ती बोललीया. भाकली म्हणाली. मी माझ्या कानांनी ऐकलंय." डॉक्टर भले गृहस्थ होते. नक्की का, स्पष्ट का, घरात दुसरं कुणी होतं का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली ही होती, थोरली. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. शोभी माझ्या मांडीवर होती, तिचं डोकं माझ्या छातीला टेकलेलं होतं. मी हो म्हणून मान हलवली. डॉक्टर विचारात पडले. म्हणाले, स्पष्ट शब्द बोलली असेल तर तेव्हा थोडंफार ऐकू येत असणार. त्यानंतर काही झालं का, मोठा ताप, डोक्याला, कानाला मार? आप्पांनी आईकडं बघितलं. डॉक्टरांना समजलं. ते घाईनं म्हणाले, "तसे एका थपडेनं दोन्ही कान जात नाहीत सहसा."

आईनं त्या वाक्यातला एकच शब्द घरी आणला. "सहसा म्हणालं ते," ती रिक्षात म्हणाली. पुढं पन्नास वर्षं ती तेच म्हणत राहिली. त्या जूनमध्ये शिशुवर्ग भरला नाही. आया पोरांना घेऊन आल्या त्यांना तिनं दारातूनच परत पाठवलं, दुसऱ्याच्या पोरांना हात लावायची माझी लायकी न्हाय, म्हणाली. मान गेला, सोपा ओस पडला. शोभी परगावच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत राहिली, खुणांची भाषा शिकली, लिहायला-वाचायला शिकली, इचलकरंजीत तिचं लग्न झालं आणि तिथं ती ब्लाउज शिवायची. तिच्या हातचं शिवण लोक वर्षभर नंबर लावून घ्यायचे. आई तिची खुणांची भाषा कधी शिकली नाही. जे आपण मारून घालवलं ते कधीतरी परत येईल अशी तिची वेडी आशा होती. शोभी माहेरी आली की आई तिला समोर बसवायची, तिच्या हनुवटीला हात लावायची आणि म्हणायची, "भा-क-री." पन्नाशीची शोभी ओठ मिटायची, उघडायची, जीभ वर लावायची. आई ऐकत बसायची. मी तिथंच भाजी निवडत असायची.

मी सांगू शकले असते. कुठल्याही दिवशी. आप्पा गेले त्या दिवशी, आपल्याला हीच शिक्षा म्हणून आईनं गुडघ्यांचं ऑपरेशन नको म्हटलं त्या दिवशी, ती शोभीच्या लग्नात मांडवात न येता आत बसून राहिली त्या दिवशी. पोर जन्माचीच बहिरी होती, तू फक्त एक थप्पड मारलीस, इतकंच वाक्य होतं. पण ते सांगायचं तर त्याआधीचं सगळं सांगायला लागलं असतं, आणि आई मला काय म्हणेल याची मला वयाच्या साठीतही भीती वाटायची. मी स्वतःला वाचवलं आणि तिला तिच्या पापात ठेवलं.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा आम्ही दोघी बहिणी आळीपाळीनं यायचो. त्या दुपारी दोघीही होतो. मी तिला चमच्यानं पेज देत होते, शोभी पायथ्याशी बसून तिचे पाय चेपत होती. आईनं चमचा हातानं बाजूला सारला. तिच्या आवाजात मी पहिल्यांदाच शंका ऐकली.

"विजे, तू हुतीस की तिथं. खरं सांग. बोलली हुती का ती? का मला भास झालता?"

तिला कोणतं उत्तर हवं होतं ते सरळ दिसत होतं. भास झाला होता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, माझं नावसुद्धा त्यात आलं नसतं. पण पन्नास वर्षं जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर आलं.

"व्हय," मी म्हणाले. "बोलली हुती."

आई छताकडं बघत राहिली. "मग मीच," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले. तिसऱ्या दिवशी ती गेली.

शोभी ओठ वाचते. त्या रविवारीही ती माझ्याच तोंडाकडं बघत होती, आणि मी आईला 'व्हय' म्हणाले त्या दुपारीही. मी मान वर केली तेव्हा तिची नजर माझ्या ओठांवर होती. मग ती खाली बघून पुन्हा आईचे पाय चेपायला लागली.